मदरबोर्डवरची मोकळी जागा



मराठी संगणनाच्या इतिहासात सॉफ्टवेअर आणि फाँट यांना मानाचे पान मिळते; परंतु पीसीच्या पडद्यावर देवनागरी उमटवण्यात एक्स्पान्शन कार्ड या जोडपट्टीचा वाटा किती मोठा होता, याची नोंद सहसा होत नाही. मदरबोर्ड या मुख्य पटलावरच्या ज्या खाचांमध्ये अशी कार्डे उभी बसवतात त्यांना स्लॉट म्हणतात, आणि या खाचांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या तारांच्या सामाईक मार्गाला बस. आयबीएमने ऑगस्ट 1981 मध्ये बाजारात आणलेल्या पीसीत 5 स्लॉट होते आणि प्रत्येकात 62 संपर्कबिंदू होते. त्यांपैकी कोणत्या बिंदूवर कोणता संकेत येतो हे कंपनीने तांत्रिक पुस्तिकेत आराखड्यांसह छापले होते, त्यामुळे कोणाचे उंबरठे न झिजवता त्रयस्थाला कार्ड तयार करता येऊ लागले.

या मोकळीकीची गरज लिपींना विशेष होती. आयबीएमचे एकरंगी कार्ड पडद्याच्या 80 स्तंभ आणि 25 ओळींच्या चौकटीत प्रत्येक घरात एकच चिन्ह मांडी, आणि ती 256 चिन्हे रॉम या न पुसणाऱ्या स्मृतीत कायमची कोरलेली असत. ‘स्थिती’ या शब्दातील पहिली वेलांटी उच्चारात जोडाक्षरानंतर येते, पण लेखनात त्याच्या आधी बसते. अशा लिपीचा त्या चौकटीत निभाव लागणे अशक्यच होते. थाई लिपीचीही अशीच कुचंबणा होत होती, आणि आपला प्रबंध थाईत लिहिता यावा म्हणून व्हॅन सुवन्नुकुल यांनी जे कार्ड रचले तेच 1982 मध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने बाजारात आले व 720 गुणिले 348 ठिपक्यांच्या चित्रणासाठी जगभर वापरले गेले. कानपूरच्या आयआयटीत मूळ धरलेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ कार्ड याच वाटेने आले. अक्षरजुळणीचा भार ते स्वतःवर घेई, म्हणून डॉस कार्यप्रणालीवरील मूळ इंग्रजी प्रोग्रॅम न बदलता त्यांत भारतीय लिपी वापरता येत.

मोकळ्या खाचेची किंमतही मोजावी लागे. दोन कार्डांनी प्रोसेसरला हाक मारण्याची एकच वाट धरली की यंत्र अडून बसे, आणि मग जंपर नावाच्या इवल्याशा टोप्या चिमट्याने एका पिनेवरून दुसरीवर सरकवत बसावे लागे. हा व्याप 1992 च्या पीसीआय रचनेनंतर हळूहळू सरला. त्याआधी, 1987 मध्ये, आयबीएमने परवान्याने जखडलेली मायक्रो चॅनल बस आणून पाहिली, पण कॉम्पॅकसह 9 कंपन्यांनी लगोलग पर्यायी ईआयएसए बस पुढे केली. ही स्पर्धा वेगाची होती असे मानण्याचा प्रघात आहे. खरे तर ती हक्काची होती.

पुढे युनिकोड ही जागतिक संकेतावली थेट कार्यप्रणालीत आली आणि जिस्ट कार्डाची गरज उरली नाही. मात्र 1988 च्या इस्की या भारतीय संकेतावलीतील वर्णक्रम युनिकोडच्या देवनागरी विभागात टिकून राहिला. लाभ निर्विवाद असला तरी लिपीच्या प्रवेशाचा निर्णय खाचेतून युनिकोड ठरवणाऱ्या समितीच्या मेजावर गेला, आणि शतकानुशतके महाराष्ट्राचे दप्तर सांभाळणाऱ्या मोडीला तेथे जागा मिळायला 2014 साल उजाडावे लागले.