नंबर कुणाचा?

मी सालेकसाहून बोलतोय, जिल्हा गोंदिया. मुंबई-हावडा लाइनवर महाराष्ट्र संपायच्या आधी जी शेवटची स्टेशनं लागतात ना, त्यातलं एक आमचं. पुढं दरेकसा, मग बोगदा, मग छत्तीसगड. पावसाळ्यात या गाडीनं गेला असाल तर खिडकीतून हाजरा फॉल बघितला असेल. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला आला असाल तर मग आमच्याकडचं नेटवर्क कसं असतं, हेही तुम्हाला माहीत आहे.

मी इथं ऑनलाइनचं दुकान चालवतो. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं मशीन आणि बाहेर दोन बाकडी. लोक मला नावानं कमी आणि ‘ऑनलाइनवाला’ म्हणून जास्त ओळखतात.

आज मला माझी एक चूक सांगायची आहे. चूक माझी आहे, पण तुमच्याही घरात ती झालेली असू शकते. म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आमचा भाग धानाचा. शेतकऱ्याला सरकारी केंद्रावर हमीभावानं धान विकायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक आणि मोबाइल नंबर. सातबाऱ्यावर धानाचा पेरा दिसायला पाहिजे, म्हणून त्याआधी बांधीत उभं राहून ई-पीक पाहणीच्या ॲपवर फोटो काढायचा. नोंदणी झाली की मेसेजची वाट बघायची. मेसेज आला की धान घेऊन जायचं.

२०२४ च्या खरिपाची गोष्ट. आमच्या ओळखीची एक आजी, दुरून चालत आली. कागदं पिशवीत नीट घडी करून. सगळं भरलं, मोबाइल नंबरच्या रकान्यावर आलो. विचारलं, “आजी, नंबर सांगा.”

आजी म्हणाली, “मले कोठून आला मोबाइल, बाबू? पोराजवळ हाये. तो हैदराबादले गेला कामाले. तूच टाक नं तुहा नंबर.”

मी टाकला.

खरं सांगू का, ती काही पहिली नव्हती. मी कित्येकांच्या फॉर्मवर माझा नंबर टाकत आलो होतो. कारण सोपं आहे. बाहेर रांग, सर्व्हर कासवाच्या चालीनं चाललेला, मध्येच लाइट जाते. अशात ओटीपी गेला हैदराबादला. पोरगा बिल्डिंगच्या कामावर, हातात घमेलं, फोन उचलत नाही. उचलला तर म्हणतो, थांब, साहेब समोर आहे. तोवर ओटीपीची वेळ संपली. पुन्हा पाठवा. त्यापेक्षा माझा नंबर टाकला की ओटीपी माझ्याच टेबलावर वाजतो. दोन मिनिटांत काम. लोक खूश, मीही खूश. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा तर सकाळी शटर उघडायच्या आधी बाया बसलेल्या असायच्या. त्या गर्दीत माझी ही सवय पक्की झाली.

आता पुढं काय झालं ते ऐका. आजीच्या धानाचा मेसेज आला. माझ्याच फोनवर आला. त्या दिवसांत माझ्या फोनवर रोज शंभर-दीडशे मेसेज यायचे. त्यात रिचार्जची जाहिरात, कुणाचा ओटीपी, कुणाचा हप्ता. आजीचा मेसेज त्यात खाली गेला आणि मी तो वाचलाच नाही.

पंधरा-वीस दिवसांनी आजी दुकानात आली. “बाबू, माह्या धानाचा नंबर काहून नाही आला? शेजारच्याचं धान तर काट्यावरून गेलं.”

मी मेसेज शोधला. सापडला. तारीख कधीच निघून गेली होती.

आम्ही धावपळ केली, पण तिला थांबायला वेळ नव्हता. घरी दवाखान्याचा खर्च होता. तिनं धान व्यापाऱ्याला दिलं. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव होता क्विंटलला २३०० रुपये. व्यापाऱ्यानं तिला १९०० दिले. १४ क्विंटल धान होतं. हिशेब करा, ५६०० रुपये गेले. दोन मिनिटं वाचवायच्या माझ्या सवयीची ही किंमत, आणि ती भरली आजीनं.

मी पैसे द्यायला गेलो तर घेईना. म्हणाली, “जाऊ दे बाबू, तुह्याजवळ का मी एकटीच आहो का?” तिला माझ्यावर राग नव्हता. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं रजिस्टर काढून बसलो आणि मोजायला लागलो. १४३ माणसं निघाली, ज्यांच्या कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर माझा नंबर होता.

आता जरा थांबून विचार करा. मी चोर नाही. पण मी चोर असतो तर? आमच्याकडं अंगठा लावून पैसे काढायची सोय आहे, आधारवरून. पैसे निघाले की खातेदाराला बँकेचा मेसेज येतो. म्हातारीनं १००० मागितले आणि मशीनवर कुणी ३००० टाकले, तर ते तिला कळणार कसं? मेसेजनंच ना? आणि तो मेसेज पैसे काढून देणाऱ्याच्याच फोनवर जात असेल तर? म्हणजे कोठाराची राखण ज्याच्याकडं, किल्लीही त्याच्याकडं आणि हिशेबाची वहीही त्याच्याकडंच. आजीचा व्यवहार माझ्या चांगुलपणावर उभा होता. चांगुलपणा असावा, पण व्यवहार त्यावर उभा नसावा.

हे मी सगळं ऑनलाइनच्या विरोधात बोलतोय असं समजू नका. ऑनलाइन नव्हतं तेव्हाचे दिवस आम्ही बघितलेत. एका सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागं फेऱ्या, एका दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडायची. आज डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो आणि तो कायदेशीर चालतो. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. आज आमच्या आठवडी बाजारात भाजीवालीच्या टोपलीलाही क्यूआर कोड लटकलेला असतो. यातलं काही मागं जावं असं मला वाटत नाही.

पण एक गोष्ट बघा. देशातलं पहिलं आधार कुठं दिलं गेलं? आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. तोही आदिवासी भाग, आमच्यासारखाच, फक्त राज्याच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे माणसाची ओळख कॉम्प्युटरवर चढवायची सुरुवात सरकारनं आमच्यासारख्या गावापासूनच केली. ओळखीला अंगठा पुरतो, आणि अंगठा प्रत्येकाकडं असतो. पुढं मात्र जवळपास प्रत्येक कामाला मोबाइल नंबर लागायला लागला, आणि मोबाइल प्रत्येकाकडं नसतो. मधली ही जागा आम्ही ऑनलाइनवाल्यांनी आमच्या नंबरनं भरून काढली. मदत म्हणूनच भरली, पण चुकीची भरली.

मग मी काय केलं? १४३ जणांना एकेक करून बोलावलं. ज्यांच्याकडं फोन होता त्यांचा नंबर जिथं बदलता येतो तिथं बदलला. पीएम किसानच्या पोर्टलवर मोबाइल बदलायची सोय आहे. बँकेसाठी त्यांना शाखेत पाठवलं. आधारसाठी आधार केंद्रावर. धानाची नोंदणी दर हंगामाला नव्यानं होते, तिथं पुढच्या वेळी बरोबर नंबर घेतला. काही जण अजून राहिलेत. आजी आता बटणांचा फोन वापरते. पोरानंच आणून दिला. ओटीपीला आणि मेसेजला स्मार्टफोन लागत नाही, साधा फोनही चालतो.

रिचार्जचं काय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, तिथंच घोडं अडतं. रिचार्ज संपला की आधी मेसेज बंद होतात, मग नंबर बंद होतो, आणि काही महिन्यांनी तोच नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला देते. मग आजीचा ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाकडं! ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर कंपन्यांनी इंटरनेट नसलेले, फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक काढलेत. घरच्या म्हाताऱ्यांना इंटरनेट नको असेल तर दुकानदाराला तो पॅक मुद्दाम मागा. आपणहून कुणी दाखवत नाही.

आता तुमच्यासाठी काम. तुम्ही हे फोनवर ऐकताय, म्हणजे घरातले ऑनलाइनवाले तुम्हीच. आज रात्री जेवण झालं की आई-बाबांजवळ, आजी-आजोबांजवळ बसा आणि तीन गोष्टी बघा.

एक. आधारच्या वेबसाइटवर आधार क्रमांक तपासायची सोय आहे. नंबर टाकला की जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ते आकडे घरातल्या नंबरचे आहेत का?

दोन. बँकेचं पासबुक घ्या आणि विचारा, पैसे निघाल्यावर मेसेज कुणाच्या फोनवर येतो? उत्तर ‘माहीत नाही’ आलं, तर उद्या बँकेत जा.

तीन. संचार साथीच्या वेबसाइटवर त्यांच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. एखादं अनोळखी निघालं तर तिथंच तक्रार करता येते. आणि पैसे गेल्याचं कळलं तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आणि हो, नंबर त्यांचाच ठेवा. सोपं पडतं म्हणून तुमचा टाकू नका. आज तुम्ही घरी आहात, उद्या पुण्याला नाही तर हैदराबादला जाल, आणि तो नंबरही तुमच्यासोबत जाईल. मेसेज वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. पिन मात्र त्यांचा त्यांनाच ठेवू द्या.

माझ्या दुकानात आता भिंतीवर मी एक कागद चिकटवलाय. मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘इथं दुकानदाराचा नंबर टाकून मिळणार नाही.’ काही लोक चिडतात. रांग लांबते. आजी मात्र यंदा नोंदणीला आली, तेव्हा बाकड्यावर बसून दहाच्या दहा आकडे तोंडपाठ सांगितले. मी टाइप करत होतो आणि ती वाकून स्क्रीनवर बघत होती, बरोबर टाकतो की नाही म्हणून.

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात. तोवर घरी विचारा, नंबर कुणाचा?