महाडला हात का आवरला?

मी कळंबोलीहून बोलतेय. बचत गटांचं काम करते, म्हणजे पासबुकं, हप्ते आणि बँकेच्या चकरा हाच माझा रोजचा विषय. आज मात्र हप्ता जरा बाजूला ठेवूया.

२० मार्च आला की आपल्या भागातल्या कितीतरी बाया महाडला जातात. पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता धरायचा, की आपल्याच रायगड जिल्ह्यातलं ते गाव. चवदार तळ्याला वळसा घालायचा, ओंजळीत पाणी घ्यायचं, पुतळ्याला हार घालायचा आणि परत यायचं. १९२७ साली बाबासाहेब तिथलं पाणी प्यायले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाणी पिऊन झाल्यावर त्याच दिवशी महाडात काय घडलं, असं विचारलं की बैठकीत शांतता पसरते. मला त्याबद्दल बोलायचंय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ते तळं कायद्यानं तेव्हा सगळ्यांचंच होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ साली झाला होता, आणि १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनं तो मान्यही केला होता. तरी तीन वर्षं कुणी तळ्यावर गेलं नाही. कागद होता, पण मारहाणीचं भय त्या कागदापेक्षा मोठं होतं. ग्रामसभेचे ठराव कसे फायलीत पडून राहतात हे आपल्याला काही नवीन नाही.

२० मार्चला परिषद संपली, अनंतराव चित्र्यांनी तळ्यावर जायचं सुचवलं, आणि हजारो माणसं शिस्तीत रांगेनं जाऊन पाणी पिऊन आली. पुढं काही वेळानं गावात अफवा उठली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार. देवळाचा विषय परिषदेत नव्हताच. पण देव बाटणार म्हटल्यावर विचारतो कोण? काठ्या घेऊन जमाव निघाला. बरीचशी माणसं गावाकडे निघून गेली होती, काही मंडपात जेवत होती. त्यांना मारलं, अन्न मातीत तुडवलं, भांडी मोडली. बाया आणि पोरंही सुटली नाहीत. काहींनी मुसलमान शेजाऱ्यांच्या घरात आसरा घेतला म्हणून वाचली. नंतर तळ्यात दही, दूध, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून पाणी ‘शुद्ध’ करण्यात आलं. मारणारे स्वतःला धर्माचे रक्षक समजत होते, हे विसरू नका. श्रद्धा माणसाच्या हातात काय देईल, याचा नेम नसतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मार खाणारे लोक दुबळे होते का? अजिबात नाही. महाड-दासगाव हा भाग लष्करातून पेन्शन घेऊन आलेल्या महार सैनिकांचा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, ते उगाच नव्हे. पहिल्या महायुद्धात बंदूक चालवलेली माणसं त्या परिषदेत होती. सरकारी बंगल्यावर बाबासाहेब उतरले होते, तिथं ही माणसं जमली, डोळे लाल, हात शिवशिवत होते. फक्त एका शब्दाची वाट होती. तो शब्द निघाला असता तर महाडच्या बाजारपेठेत त्या रात्री काय झालं असतं, ते आपण समजू शकतो. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. कायदा हातात घेऊ नका म्हणाले. पोलिसात तक्रार गेली, खटला चालला, आणि हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आमच्या एका गटात ही गोष्ट मी सांगितली तेव्हा एक काकू पटकन म्हणाल्या, “म्हणजे मार खाऊन घ्यायचा?” प्रश्न बरोबर आहे. बायकांना तर लहानपणापासून तेच सांगितलंय, सोस, गप्प बस, देव बघून घेईल. पण महाडचं थांबणं त्या जातीचं नव्हतं. ज्याला मारता येतं तो थांबला. आणि का थांबला, तर भांडण पाण्याच्या हक्काचं होतं. एक डोकं फुटलं असतं की सरकारला, वर्तमानपत्रांना दंगल तेवढी दिसली असती आणि तळं बाजूला पडलं असतं. त्याच वर्षात समता सैनिक दलही उभं राहिलं, सभांना, मोर्चांना संरक्षण द्यायला. म्हणजे थांबायचं हेही ठरवलेलं, आणि आपल्या माणसांना उघडं सोडायचं नाही हेही ठरवलेलं.

हीच ओढाताण सातासमुद्रापार अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्यातही होती. तिकडचं नातं आपल्याला जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलं होतं. तिथं मार्टिन ल्यूथर किंग हे धर्मोपदेशक होते. १९५६ च्या जानेवारीत त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला. आत बायको आणि तान्हं बाळ. बातमी कळताच काळे लोक हत्यारं घेऊन अंगणात जमले. किंगनी ओसरीवर उभं राहून त्यांना शांत केलं, घरी पाठवलं. अगदी महाडच्या बंगल्यासारखं. पण गंमत बघा, त्या दिवसांत खुद्द किंगच्या घरात बंदुका होत्या, परवान्यासाठी अर्जही केला होता. तो नाकारला गेला. घरात हत्यार ठेवणं त्यांनी पुढं सोडून दिलं. अहिंसा त्यांच्याही अंगात एका रात्रीत उतरली नव्हती.

मला मात्र त्या लढ्यातली सगळ्यात जवळची वाटते ती फॅनी लू हेमर. आपल्यासारखीच शेतावर राबणारी बाई. मिसिसिपी राज्यात कापूस वेचायची, वीस भावंडांतली शेवटची. तिची आई शेतावर जाताना बादलीत कापडाखाली पिस्तूल झाकून न्यायची, पोरांवर कुणी हात टाकू नये म्हणून. ऑगस्ट १९६२ मध्ये फॅनी मतदार यादीत नाव घालायला गेली. त्याच संध्याकाळी मळ्याच्या मालकानं तिला हाकललं. अठरा वर्षं राबली होती तिथं. नंतर ती जिथं उतरली होती त्या घरावर गोळ्या झाडल्या. १९६३ मध्ये पोलीस कोठडीत इतकं मारलं की मूत्रपिंडाला कायमची इजा झाली. ही बाई पक्की देवभक्त. बसमध्ये माणसं घाबरली की चर्चची गाणी म्हणायला लागायची आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. गोऱ्यांचा द्वेष करायला तिनं कायम नकार दिला. आणि तरीही तिच्या झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात बंदुका उभ्या असायच्या. रात्री कुणी घर जाळायला आलं तर? तिला या दोन गोष्टींत भांडण दिसलं नाही. मलाही दिसत नाही.

लुईझियाना राज्यात तर १९६४ मध्ये काळ्या लोकांनी राखणदारांची संघटनाच काढली. स्वतःला ते ‘डीकन’ म्हणवायचे. डीकन म्हणजे चर्चमधला सेवेकरी, आपल्याकडे देवळाची व्यवस्था बघणारी माणसं असतात ना, तसा. हे सेवेकरी रात्री बंदूक घेऊन वस्तीभोवती गस्त घालायचे, आणि त्या राखणीच्या जोरावर दिवसा शांततेचे मोर्चे निघायचे.

दोन वर्षांनी तिकडं ब्लॅक पँथर निघाली, आणि तिच्याच नावावरून मुंबईत १९७२ साली दलित पँथर. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही तेव्हाची तरुण पोरं. खेड्यापाड्यांत दलित बायकांची विटंबना होत होती आणि सरकार हलत नव्हतं, हे त्यांच्या संतापाचं मोठं कारण. ढाल्यांनी ‘साधना’त लिहून विचारलं होतं, की झेंड्याच्या अपमानाला जेवढी शिक्षा, त्याहून बाईच्या अब्रूला कमी कशी? १९७४ च्या जानेवारीत वरळीला बीडीडी चाळींत दंगल झाली, आणि त्यानंतरच्या मोर्चावर वरून दगड टाकला, त्यात भागवत जाधव हा तरुण गेला. जशास तसं उत्तर देऊ म्हणणारी ही पोरं वर्षा-दोन वर्षांतच फुटली, आणि फुटली ती बऱ्याच अंशी श्रद्धेच्या प्रश्नावर. बुद्धाच्या वाटेनं जायचं की डाव्या विचारानं? पँथरनं खेड्यातल्या माणसाचं भय घालवलं, हे कुणीही मान्य करील. पण बायकांसाठी पेटलेल्या त्या संघटनेच्या आघाडीच्या नावांत बायका फारशा दिसत नाहीत, हे मला खटकतं. राखण आमची, आणि ठरवणार तुम्ही?

बुद्धाचं निघालंच आहे तर सांगते. १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतल्यावर पुष्कळांना वाटलं, आता अहिंसा म्हणजे कुणावरच हात उचलायचा नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हे फार स्वच्छ सोडवलंय. मारायची हौस वेगळी आणि मारायची वेळ येणं वेगळं, असा त्यांचा फरक आहे. अहिंसा त्यांनी तत्त्व म्हणून सांगितली, आंधळा नियम म्हणून नाही. नियम पाळला की माणूस विचार करायचा थांबतो, तत्त्व असलं की प्रत्येक वेळी विचार करावा लागतो. वर्षातून एकदा वंदना म्हणून हे पुस्तक कपाटात ठेवणाऱ्या घरांनी ते पान काढून वाचावं. वाचायला येत नसेल तर सुनेला वाचायला सांगावं.

कायदाही साधारण हेच म्हणतो. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. अंगावर आलेल्याला अडवताना त्याला इजा झाली तर तो गुन्हा होत नाही. बलात्काराच्या हेतूनं हल्ला असेल, ॲसिड टाकायला कुणी आलं असेल, तर हा हक्क जीव घेण्यापर्यंत जातो. पण गरजेपेक्षा जास्त मारायचं नाही, पोलिसांकडे जायला वेळ असेल तर जायचं, आणि तो पळाल्यावर मागे धावून मारलं तर तो सूड होतो, बचाव नाही. ११२ हा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा.

महाडची गोष्ट मात्र मार्चमध्ये संपली नाही. नगरपालिकेनं ऑगस्टमध्ये आपला ठराव फिरवला. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली, तेव्हा मंडपाला जागा कुणी हिंदू देईना, फत्तेखान यांनी दिली. मोटारवाल्यांच्या भरवशावर न राहता मुंबईची माणसं बोटीनं दासगावला उतरली आणि तिथून चालत महाडला गेली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. कोर्टाचा मनाई हुकूम आला होता, म्हणून तळ्यात न उतरता त्याच्याभोवती मिरवणूक काढून लोक परतले. परतताना पुष्कळांना जड गेलं असणार. पण दावा लढत राहिले, दहा वर्षं, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात जिंकले.

त्या डिसेंबरात बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले होते. लुगडं इतर बायकांसारखं नीट नेसा, अंगावरचे ते जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका, मुलींना शाळेत घाला. आणि नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. दुसऱ्या दिवशी बायका नव्या पद्धतीनं लुगडं नेसून आल्या. काठी नाही, बंदूक नाही, ताट मात्र बाईच्या हातात. हत्यार म्हणून ताटाचा विचार १९२७ साली झाला होता! या चळवळीतल्या बायकांची माहिती हवी असेल तर उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचा, तालुक्याच्या वाचनालयात मागा.

फॅनी लू हेमरचं एक सांगायचं राहिलंच. १९६९ मध्ये तिनं गरीब कुटुंबांसाठी सामूहिक शेती काढली, आणि त्यासोबत डुकरांची बँक. घराला एक मादी द्यायची, तिची पिल्लं घरानं ठेवायची, त्यातली काही बँकेला परत करायची, म्हणजे पुढच्या घराला मिळतील. मतदानाला गेलं की काम जातं आणि पोट मारलं जातं, हे तिनं भोगलं होतं. आपल्या गटांतून शेळीचं पिल्लू फिरवतो, अगदी तसंच. आपलं रजिस्टर तिनं बघितलं असतं तर लगेच ओळखलं असतं.

पुढच्या खेपेला वकीलताई येणार आहेत. स्वसंरक्षणाच्या कलमांबद्दल काही विचारायचं असेल तर प्रश्न गटाच्या सचिवाकडे लिहून द्या, नाव नको असेल तर घालू नका.