शिक्षकाचे मत, शिक्षकाची ड्युटी आणि शिक्षकाची संघटना

महाराष्ट्रातील शिक्षकाचा निवडणुकीशी तीन नात्यांनी संबंध येतो. तो निवडणूक पार पाडणारा कर्मचारी असतो. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात तो खास मतदारही असू शकतो. आणि पगार, अनुदान, पेन्शन मागणारा संघटित नोकरदार तर तो बारा महिने असतो. ही तिन्ही नाती सर्व शिक्षकांच्या वाट्याला सारखी येत नाहीत. ड्युटीचा भार ज्याच्यावर सर्वांत जास्त, त्या प्राथमिक शिक्षकाला खास मत नाही. ज्याला ते मत आहे, त्याच्या दारात उमेदवार येतो. शाळेतल्या मुलाला तर कसलेच मत नाही. शिक्षक संघटनांची ताकद कोठून येते आणि कोठे अडते, हे या विषम वाटपातून उलगडते.

सुरुवात ड्युटीपासून करणे योग्य. निवडणूक आयोगाकडे स्वतःचे मनुष्यबळ नगण्य आहे. म्हणून घटनेच्या कलम ३२४ (६) नुसार आयोगाने मागणी केल्यावर राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी त्याला कर्मचारी पुरवायचे असतात. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १५९ ने स्थानिक संस्था आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या इतर संस्थांचे कर्मचारीही आयोगाच्या हाताशी दिले. गावोगाव पसरलेला, लिहिता-वाचता, हिशेबाला पक्का आणि लोकांच्या ओळखीचा असा सरकारी माणूस शोधायचा, तर शिक्षकच सापडतो. मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेणे, रात्री केंद्रावर मुक्काम, पहाटे अभिरूप मतदान, दिवसभर केंद्राध्यक्षाची जबाबदारी आणि रात्री उशिरा यंत्रे जमा करणे हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकांच्या अंगवळणी पडला आहे. त्याबद्दल फारशी कुरकुरही होत नाही. ते काम दोन-तीन दिवसांचे आणि सन्मानाचे मानले जाते.

खरा ताण आहे तो मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) म्हणून कराव्या लागणाऱ्या कामाचा. मतदारयादी अद्ययावत ठेवणे, घरोघर फिरून नमुने भरून घेणे, मृत आणि स्थलांतरित मतदार शोधणे हे वर्षभर चालते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली, पण तीन अपवाद ठेवले: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. त्याआधीच, डिसेंबर २००७ मध्ये, सेंट मेरीज स्कूल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सीमारेषा आखून दिली होती. मतदारयाद्यांचे काम शिक्षकांनी सुटीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी करावे, एरवी शाळेच्या वेळात त्यांना त्यासाठी काढू नये, असा तो निकाल आहे. कायदा आणि निकाल एकत्र वाचले तर अपवाद अगदी अरुंद आहे. व्यवहारात मात्र तहसील कार्यालयाचा आदेश आला, की शाळा दुय्यम ठरते. आदेशावर कारवाईचा इशारा असतो, आणि शाळेतील तास बुडाल्याबद्दल कोणावरही कारवाई होत नाही.

याच शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक यादीच्या कामाला गेला, तर चार वर्ग दुसऱ्याच्या अंगावर पडतात. एकशिक्षकी शाळेत तर शाळाच थांबते. खासगी इंग्रजी शाळांतील शिक्षकांना या कामाची झळ कमी लागते. त्यामुळे नुकसान होते ते वाडी-वस्तीवरच्या, मजुरांच्या आणि लहान शेतकऱ्यांच्या मुलांचे. संघटनांनी हा मुद्दा वेळोवेळी मांडला आहे, पण तो बहुधा ‘शिक्षकांवरील कामाचा बोजा’ या शीर्षकाखाली मांडला जातो. मुलाच्या बुडालेल्या तासांचा हिशेब शाळावार ठेवून तो पालकांपुढे आणि न्यायालयापुढे ठेवला, तर त्याच मागणीचे वजन कितीतरी वाढेल. २०२५ च्या अखेरीस गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. बीएलओंवरील ताणाचा प्रश्न तेव्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि राज्यांनी जादा कर्मचारी द्यावेत असे न्यायालयाला सांगावे लागले.

आता मताकडे वळू. घटनेच्या कलम १७१ नुसार विधान परिषदेतील सुमारे एक-बारांश सदस्य शिक्षकांनी निवडायचे असतात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा सात जागा आहेत: मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. गोव्यात विधान परिषदच नसल्याने तेथील शिक्षकांना हा मार्ग नाही. बेळगावातील मराठी माध्यमिक शाळांचे शिक्षक मात्र कर्नाटक विधान परिषदेच्या वायव्य शिक्षक मतदारसंघात मत देतात. मतदार होण्यासाठी मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरील संस्थेत शिकवलेले असावे लागते. प्राथमिक शिक्षक या व्याख्येतच बसत नाही. घटना तयार झाली तेव्हा प्राथमिक शिक्षकाचे शिक्षण बहुधा व्हर्नाक्युलर फायनलपर्यंतचे, म्हणजे सातवीपर्यंतचे असे आणि घटनाकारांसमोर ‘शिक्षित मतदार’ ही कल्पना होती. आज जिल्हा परिषद शाळेत पदवीधर आणि पदव्युत्तर शिक्षक सर्रास आढळतात. पात्रतेचा तो भेद उरलेला नाही, वगळणूक मात्र कायम आहे. ही तरतूद आज अन्यायाची झाली आहे, असेच म्हणावे लागते.

या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. त्यासाठी नमुना १९ भरून त्यावर संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि संस्थाप्रमुख आपल्या शाळेतील सर्व शिक्षकांचे अर्ज एकत्र देऊ शकतो. या साध्या कार्यपद्धतीने निवडणुकीचे स्वरूप बदलले. मतदार हजारांत मोजण्याइतके आणि त्यांच्या नोंदणीची किल्ली शाळेच्या कार्यालयात, अशा स्थितीत ज्याच्या ताब्यात अनेक शाळा तो उमेदवार आपोआप पुढे असतो. उमेदवार स्वतः शिक्षक असावा, अशी अट कायद्यात नाही. संघटनेच्या मुशीतून घडलेल्या कार्यकर्त्याची जागा गेल्या काही निवडणुकांत अनेक ठिकाणी संस्थाचालकाने किंवा पक्षाच्या माणसाने घेतली, त्याचे मूळ येथे आहे. ज्या व्यवस्थापनाविरुद्ध शिक्षकाला दाद मागायची, त्याच व्यवस्थापनाच्या हाती त्याच्या प्रतिनिधीची निवड जाणे ही संघटनेच्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट आहे. खासगी शाळांतील शिक्षकांना व्यवस्थापनाच्या मनमानीपासून संरक्षण देण्यासाठी महाराष्ट्राने १९७७ मध्ये स्वतंत्र सेवाशर्ती कायदा आणि त्यानुसार न्यायाधिकरणे आणली. त्या कायद्याचा आत्मा आणि आजचे शिक्षक मतदारसंघ यांची दिशा परस्परविरुद्ध आहे.

तरीही या सात जागांनी संघटनांना दीर्घकाळ आधार दिला, हे नाकारता येत नाही. टीचर्स डेमोक्रॅटिक फ्रंट, महाराष्ट्र राज्य शिक्षक परिषद, विदर्भ माध्यमिक शिक्षक संघ, मुंबईत २००६ पासून सलग तीन वेळा निवडून आलेल्या कपिल पाटील यांची शिक्षक भारती या सर्वांची बांधणी याच मतदारसंघांभोवती झाली. आमदार हाताशी असला की वेतन पथकातील अडलेली बिले हलतात, अतिरिक्त शिक्षकांच्या समायोजनाचा प्रश्न सभागृहात जातो. मुंबईतील शिक्षकांचे पगार राष्ट्रीयीकृत बँकेतून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडे वळवण्याचा २०१७ चा निर्णय शिक्षक भारतीने न्यायालयात नेला आणि २०१८ मध्ये तो रद्द करून घेतला. २०२४ मध्ये विधान परिषदेचे मतदान १० जूनला ठेवले गेले, तेव्हा उन्हाळी सुटीत शिक्षक गावी असतात हे संघटनांनी आयोगाच्या लक्षात आणून दिले आणि मतदान २६ जूनला झाले. या कामांना लहान समजू नये.

प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांना हे दार बंद असल्याने त्यांचे राजकारण वेगळ्या वाटेने गेले. शिक्षक संघ, शिक्षक समिती आणि त्यांच्यातून फुटलेले गट खरी लढत देतात ती शिक्षक बँका आणि पतसंस्थांच्या निवडणुकांत. सांगली, सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांत शिक्षक बँकेची निवडणूक आमदारकीच्या ईर्षेने लढवली जाते. कर्जाचा व्याजदर, लाभांश, संचालकांचे पॅनेल यांवर सभासद विभागले जातात, आणि त्या गटबाजीची छाया नंतर शाळेच्या प्रश्नांवरही पडते. दुसरे चलन होते बदल्यांचे. सोयीची शाळा मिळवून देणारा नेता हाच मोठा नेता, असा हिशेब असे, आणि त्यासाठी जिल्हा परिषद सदस्यांशी सलगी लागे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्या ऑनलाइन झाल्या आणि हे चलन बरेचसे बाद ठरले. संघटनांनी त्या धोरणातील त्रुटींविरुद्ध मोर्चे काढले. त्रुटी खऱ्या होत्या, पण बदली मध्यस्थाविना होऊ लागली, हा सामान्य शिक्षकाचा लाभच होता.

निवडणूक न होण्याचाही परिणाम होतो. २०२२ च्या मार्चमध्ये राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. शिक्षण समिती नाही, सभापती नाही, सेस फंडातून शाळाखोल्यांसाठी भांडणारा सदस्य नाही. तक्रार थेट अधिकाऱ्याकडे न्यायची आणि उत्तराची वाट पाहायची, एवढेच उरले.

मागण्यांच्या बाबतीत निवडणुकीचा प्रभाव सर्वांत स्पष्ट दिसला तो जुन्या पेन्शनमध्ये. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांना जुनी पेन्शन नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात सरकारने ती लागू करण्यास ठाम नकार दिला. पुढच्याच महिन्यात विधान परिषदेच्या निवडणुकीचा प्रचार सुरू झाला आणि सरकार पेन्शनबाबत सकारात्मक असल्याची भाषा ऐकू आली. फेब्रुवारी २०२३ च्या निकालात नागपूरमध्ये भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार पराभूत झाले आणि विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले विजयी झाले. कोकणात मात्र त्याच वेळी भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे जिंकले, म्हणून सगळे श्रेय पेन्शनला देता येत नाही. १४ ते २० मार्च २०२३ या काळात, दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असताना, शिक्षक आणि कर्मचारी संपावर गेले. २५ ऑगस्ट २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीला तीन महिने असताना, राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत पेन्शन योजना स्वीकारली. असे करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. शिक्षकांना हवी होती ती योजना ही नव्हे, पण निवडणुकीचा दाब नसता तर एवढेही मिळाले नसते.

याच्या जोडीला एक जुना दाखलाही आहे. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप फेब्रुवारी १९७८ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर मिटला, आणि केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची मागणी त्यानंतर सत्तेवर आलेल्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारच्या काळात मार्गी लागली. संघटना निवडणुकीच्या आधी तयार होती, म्हणून निवडणुकीचा उपयोग झाला.

याउलट उदाहरण विनाअनुदानित शाळांचे. ‘कायम विनाअनुदानित’ मधला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी, काढला गेला. पहिले २० टक्के अनुदान हाती पडायला २०१६ उजाडले. आणखी एक २० टक्क्यांचा टप्पा मंत्रिमंडळाने मंजूर केला १० ऑक्टोबर २०२४ रोजी; आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला. निधीची तरतूद मात्र झाली नाही, आणि जुलै २०२५ मध्ये हजारो शिक्षकांना भर पावसाळ्यात आझाद मैदानावर बसावे लागले. पंधरा-वीस वर्षे तुटपुंज्या किंवा शून्य पगारावर शिकवणाऱ्या या माणसांची ही थट्टा कोणत्याही सरकारला शोभणारी नाही. संघटनांनी यातून घ्यायचा बोध व्यावहारिक आहे: निवडणुकीआधीचा शासन निर्णय हाती घेऊन गुलाल उधळण्याऐवजी पुरवणी मागण्यांत आकडा आला का, हे आधी पाहावे.

भरतीचेही तसेच. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीनंतर, म्हणजे शाळांतील विद्यार्थिसंख्येच्या तपासणीनंतर, २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली. अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये आणि जाहिराती निघाल्या २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर. मधल्या वर्षांत जी मुले पहिलीतून पाचवीत गेली, त्यांची भरपाई कोणत्याही जाहीरनाम्यात आली नाही.

प्राथमिक शिक्षकाला शिक्षक मतदारसंघात मत द्यायचे, तर घटनादुरुस्तीची गरज नाही. कलम १७१ (२) मध्येच म्हटले आहे, की परिषदेची ही रचना संसद कायद्याने अन्यथा ठरवीपर्यंतची आहे. म्हणजे साधा कायदा पुरतो. ही मागणी विधानभवनावर मोर्चा नेऊन सुटणार नाही. प्राथमिक, माध्यमिक आणि महाविद्यालयीन संघटनांनी ती एकत्र येऊन राज्यातील ४८ लोकसभा सदस्यांपुढे लेखी मांडावी, आणि तिच्या जोडीला वर्षभर बीएलओचे काम करण्यासाठी शाळेबाहेरचे स्वतंत्र कर्मचारी मागावेत.