थबकणारा जुना लॅपटॉप

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांतील सूरजागडच्या डोंगरांत लोहखनिज आहे, हें आतां सर्वश्रुत आहे. त्या बाजूच्या एखाद्या गांवीं मिळून एकच जुना लॅपटॉप असावा, आणि तेंदूपानांचा हिशेब, वनहक्कांचीं कागदपत्रें, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, सारें त्याच्याच पोटांत सांठविलेलें असावें, अशी कल्पना करा. असें यंत्र काम चालतां चालतां एकाएकीं थिजतें. बाण हलत नाहीं, अक्षर उमटत नाहीं. मग कोणी त्यावर थाप मारतो, कोणी व्हायरस शिरला म्हणतो, आणि कोणी सगळें पुसून विंडोज नव्यानें भरण्याचा सल्ला देतो. हा शेवटचा सल्ला सर्वांत घातक होय. रोग कळण्यापूर्वींच त्यानें गांवाचे कागद नाहींसे होतात.

प्रथम यंत्र खरोखर थिजलें आहे कीं केवळ मंदावलें आहे, तें पाहावें. कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर आंत हालचाल आहे; पांच-दहा मिनिटें धीर धरावा. दिवा मुळींच दाद देत नसेल, तर चालू-बंदची कळ दहाएक सेकंद दाबून धरण्यावांचून गत्यंतर नाहीं. (कांहीं लॅपटॉपना हा दिवाच नसतो, तेथें ही परीक्षा व्यर्थ.)

यंत्र पुन्हां सुरू होतांच महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्या. दुरुस्तीचें नांव त्यानंतर. हार्डडिस्क मरणोन्मुख असेल तर चेक डिस्कसारखी तपासणी तिला उलट अधिक शिणविते, आणि त्या श्रमांतच ती संपण्याचा संभव असतो.

मग एका वहींत नोंद ठेवावी: यंत्र केव्हां थिजलें, त्या वेळीं काय चाललें होतें, चार्जर लावलेला होता कीं नाहीं. दुपारीं, अर्ध्यापाऊण तासानें, पंखा घोंघावत असतां तें थिजत असेल व पहांटे सुरळीत चालत असेल, तर उष्णता हें कारण समजावें. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यांत पारा 45 अंशांवर जातो. प्रोसेसरची सोसण्याची सीमा बहुधा 100 अंशांच्या आसपास असते. थंड करणारी हवाच तापलेली, त्यांत तांबडी धूळ पंख्याजवळच्या बारीक जाळींत घट्ट बसलेली. मग उष्णता जावी कोठें? यंत्र बंद करून, चार्जर काढून, मागचें झांकण उघडावें व बॅटरी वेगळी करावी. पंख्याचें पातें बोटानें धरून मऊ ब्रशानें धूळ काढावी. न धरतां जोराची हवा सोडल्यास पंखा भलत्या वेगानें फिरून बिघडतो. प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेपही कालांतरानें वाळतो; तो बदलणें कसबी माणसाचें काम. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला दाबूं नये, टोंचूं नये, वापर तत्काळ थांबवावा. एरवीं लॅपटॉप गादीवर वा वाकळेवर न ठेवतां बांबूच्या दोन कांबटांवर टेकविला तरी खालून वारा खेळतो.

फाइल उघडतांनाच यंत्र अडखळत असेल व टिकटिक ऐकूं येत असेल, तर हार्डडिस्कचा संशय घ्यावा. तिच्या जागीं एसएसडी बसविणें उत्तम. चार्जर लावल्यावरच बिघाड होत असेल तर चार्जर व घरची वीज तपासावी. कसलाच नियम दिसत नसेल तर रॅम पाहावी. विंडोजमध्यें मेमरी डायग्नॉस्टिक नांवाची तपासणी असतेच. रॅमच्या पट्टीची सोनेरी कड स्वच्छ खोडरबरानें हलकेच पुसून ती पुन्हां घट्ट बसविली तरी पुष्कळदां काम भागतें. जन्म शाळेंत गेलेल्या माझ्यासारख्याला हा उपाय विशेष प्रिय आहे.

इव्हेंट व्ह्यूअरमधील 41 क्रमांकाची कर्नल-पॉवर ही नोंद पाहून कित्येक जण विजेला दोष देतात. ती नोंद एवढेंच सांगते कीं, यंत्र रीतसर बंद झालें नाहीं. आपणच कळ दाबून तें बंद केलें तरी ती उमटते. तेथेंच डिस्कच्या नांवें चुका असतील, तर त्या मात्र गांभीर्यानें घ्याव्या.

विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजीं संपला, आणि जुन्या यंत्रांपैकीं बहुतेकांना विंडोज 11 चालत नाहीं. धूळ निघाली, डिस्क धड आहे, एवढें ठरल्यावर अशा यंत्रांत लिनक्सची एखादी हलकी आवृत्ति खुशाल भरावी. मराठी लिहिण्याचा इन्स्क्रिप्ट कळफलक तींतही मिळतो.