प्रकल्प मुलांचा, परीक्षा पालकांची

(दादर येथे आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकसभेत एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सभागृहाचा जिना चढत असताना माझ्या पुढे दोन माता बोलत होत्या. एक म्हणत होती, "अहो, ऑगस्ट उजाडला तरी वह्या कोऱ्याच आहेत. विचारलं तर म्हणतो, आई, आमचं सर्वेक्षण चालू आहे. परवा कुठे होतास म्हटलं, तर लालबागच्या मिरची गल्लीत!" दुसरीने विचारले, "आणि गणित?" त्यावर पहिली जे बोलली ते मी येथे सांगत नाही, पण आजच्या सभेचा विषय त्या जिन्यावरच मांडून झाला होता, एवढे खरे.

आपल्या शाळेने यंदापासून आठवी-नववीला प्रकल्पपद्धती स्वीकारली आहे. आठवड्यातील ठरावीक तासिका पुस्तकाच्या क्रमाने न जाता मुले गटागटाने एखादा प्रश्न हाती घेतात आणि त्याचा पाठपुरावा करतात. आपल्या मनात धास्ती आहे, आणि ती अनाठायी आहे असे म्हणण्यासाठी मी येथे उभा राहिलेलो नाही. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकवायचे ठरवले आहे, त्यांनी शाळेला जाब विचारायलाच हवा.

ही पद्धत परदेशातून आली, असा एक आक्षेप माझ्या कानावर आला. तो अर्धाच खरा आहे. ‘प्रकल्पपद्धती’ हे नाव रूढ केले ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातील प्राध्यापक विल्यम किल्पॅट्रिक यांनी, १९१८ मधील एका निबंधाद्वारे. त्यांचे गुरू जॉन ड्यूई. याच ड्यूईंच्या वर्गात १९१३ ते १९१६ या काळात एक भारतीय विद्यार्थी बसत असे. परळच्या बीआयटी चाळीत राहिलेले आणि पुढे येथून जवळच हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे मी आपणास सांगायला नको.

परंतु हाताला काम आणि मनाला प्रश्न देणारे शिक्षण आपल्याकडेही होतेच. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय आठवा. राष्ट्रीय शिक्षणाच्या त्या प्रयोगात उद्योगाला पुस्तकाइतकेच स्थान होते. इंग्रज सरकारला ती शाळा इतकी खुपली की १९१० मध्ये तिला टाळे लागले. १९३७ साली वर्ध्याला महात्मा गांधींनी नई तालीम मांडली. पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. १९६९ मध्ये तिची प्रशाला सुरू झाली. तेथे प्रकल्प हा वर्षाच्या शेवटी उरकायचा उपचार नाही, नित्याच्या शिक्षणाचा भाग आहे. आणि ज्यांना वाटते की हे हुशार, सुखवस्तू घरांतील मुलांचे चोचले आहेत, त्यांनी एकदा शिरूर तालुक्यातील पाबळला जाऊन यावे. मुंबईतील हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील मोठे पद सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम उभा केला. शाळेत नापास होऊन घरी बसलेली खेड्यातील मुले तेथे वेल्डिंग करतात, बांधकाम करतात, माती तपासतात, आणि ते करता करता विज्ञान शिकतात. त्यांच्या अभ्यासक्रमाला राज्याच्या माध्यमिक मंडळाने मान्यता दिली. २९ जुलै २०२० रोजी संमत झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले, तेव्हा वर्तमानपत्रांना ते नवलाचे वाटले. पाबळच्या मुलांना वाटले नसावे.

इतिहास पुरे. आता घरातले बोलू.

माझी मुलगी सातवीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेने ‘आपल्या परिसरातील पाणी’ हा प्रकल्प दिला होता. मी स्वतः शिक्षक. तिने काढलेले चित्र मला ओबडधोबड वाटले. मी तीन रात्री जागून थर्माकोलची प्रतिकृती केली. तानसापासून मलबार हिलच्या जलाशयापर्यंत निळ्या दोऱ्याच्या नळवाहिन्या, कापसाचे ढग, सुबक अक्षरांतील फलक. (त्या काळी थर्माकोलवर बंदी नव्हती; ती २०१८ साली आली. माझ्यासारख्या बापांवर ती आधीच यायला हवी होती.) प्रदर्शनात पहिले पारितोषिक मिळाले. नंतर परीक्षक तिच्यापाशी आले आणि त्यांनी सहज विचारले, "बाळ, हे पाणी डोंगरावरच्या टाकीत का चढवतात?" ती माझ्याकडे पाहू लागली. मी मागे उभा राहून ओठांनी उत्तर सांगत होतो. तिने ते पाहिले आणि मान खाली घातली. पारितोषिकाचा करंडक तिने घरी आणला आणि कपाटाच्या मागच्या बाजूला ठेवला. आज ती दोन मुलांची आई आहे. तिच्या मुलाच्या प्रकल्पाला मी हात लावायला गेलो की म्हणते, "बाबा, तुम्ही लांब बसा."

म्हणून माझी पहिली विनंती ही की, हात पाठीमागे बांधून बसायला शिका. हे अतिशय अवघड आहे. मुलगी कात्रीने वाकडे कापत असते, तिचा तक्ता चुकलेला असतो, उद्या सकाळी तो द्यायचा असतो आणि आपल्याला तो दहा मिनिटांत नीट करता येणार असतो. तरीही करू नका. प्रश्न विचारा. ‘तुम्हाला नक्की काय शोधायचे आहे?’, ‘हे तुला कोणी सांगितले, की तू पाहिलेस?’, ‘आता पुढे काय करणार?’ एवढे पुरेसे आहे. पूर्वी स्टेशनरीच्या दुकानात तयार तक्ते मिळत, मग संगणकावरून छापील कागद निघू लागले, आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की क्षणात अख्खा अहवाल हाती येतो. दुसरा प्रश्न विचारला की यातले सगळे उघडे पडते. जे मुलाने स्वतः पाहिले आहे, त्याबद्दल ते न अडखळता बोलते, कधी कधी नको तितके.

आता वाया जाणाऱ्या वेळेबद्दल. निवृत्तीपूर्वी नववीच्या पाच मुलांचा एक गट माझ्याकडे होता. विषय त्यांनीच निवडला होता : हिंदमाताला पाणी का तुंबते? मला वाटले, आठवड्यात संपेल. मुलांनी शाळेच्या गच्चीवर सरळ काठाची बाटली ठेवून पाऊस मोजला, चौकातील एका भिंतीवर खडूने खुणा करून पाण्याची पातळी टिपली. दोन महिने झाले. आकड्यांचा काही केल्या मेळ बसेना. एका दिवशी धो धो पाऊस, पण पाणी तासाभरात ओसरलेले. दुसऱ्या दिवशी बेताचा पाऊस आणि पाणी गुडघ्यापर्यंत. घटक चाचणी तोंडावर आलेली. एका मुलाचे वडील शाळेत आले आणि अत्यंत सभ्य शब्दांत म्हणाले, "सर, माझा मुलगा गटारं मोजायला शाळेत येत नाही." त्यांना मी काय उत्तर देणार? माझ्याकडे ते नव्हते.

त्या गटात लालबागच्या चाळीत तळमजल्यावर राहणारा एक मुलगा होता. वर्गात कधी हात वर न करणारा, पन्नास-पंचावन्न टक्क्यांचा. तो एके दिवशी हळूच म्हणाला, "सर, आमच्याकडे आजी भरतीची वेळ बघून सामान वर ठेवते." वर्गात शांतता पसरली. मुलांनी मोजणीत भरतीची वेळ धरलीच नव्हती! शिवाय मोजणी फक्त शाळेच्या वेळेत केलेली. दोन महिन्यांचे आकडे जवळपास निरुपयोगी ठरले. पुन्हा सुरुवात झाली. भरती-ओहोटीचे वेळापत्रक मिळवले, चौकातल्या एका दुकानदाराला रात्रीच्या नोंदी ठेवायची गळ घातली. तेव्हा चित्र उलगडू लागले. हिंदमाता हा बशीसारखा सखल भाग. मुंबई हे मुळात सात बेटांचे गाव. परळ त्यांतील एक. बेटांमधल्या खाजणांत भराव घालून शहर उभे राहिले. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी चढली की पर्जन्यजल वाहून नेणाऱ्या वाहिन्यांतले पाणी बाहेर पडू शकत नाही. ते बशीत साचते. पुढे महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवण्याच्या टाक्या बांधल्या, त्या याच कारणासाठी : ओहोटी येईपर्यंत पाणी धरून ठेवायचे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पाऊणशेही नाही, हे मुलांनी शोधून काढले तेव्हा त्यांचा पुढचा प्रश्न असा होता की, मग एका शहराचा पाऊस एकाच आकड्याने कसा सांगायचा? सरासरी म्हणजे काय, हे त्या दिवशी मला फळ्यावर शिकवावे लागले नाही.

तो तळमजल्यावरचा मुलगा त्यानंतर गटाचा प्रमुख झाला. कोणी नेमला नाही, झाला. आणि ‘गटारं’वाले वडील प्रदर्शनाच्या दिवशी आले. काही बोलले नाहीत. मुलांनी काढलेल्या आलेखासमोर मात्र बराच वेळ उभे होते.

परंतु तुम्ही म्हणाल, सर, गुणांचे काय? येथे मी आपल्याशी प्रामाणिक राहिले पाहिजे. शाळेच्या हातातील गुण सढळपणे वाटले जातात, ही आपली शंका खोटी नाही. राज्य मंडळाने दहावीच्या भाषा विषयांचे शाळेकडील वीस गुण बंद केले, त्या वर्षी, म्हणजे मार्च २०१९ मध्ये, निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. मग ते गुण पुन्हा सुरू झाले. शिक्षक म्हणून मला त्या आकड्याची लाज वाटली. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकाही त्या वर्षी नव्या होत्या हे मान्य, पण तेवढ्याने सुटका होत नाही. म्हणून शाळेकडे मागणी करायचीच असेल, तर प्रकल्प बंद करा अशी करू नका. प्रत्येक मुलाला त्याच्या प्रकल्पावर पाच मिनिटे उभे करून प्रश्न विचारा आणि मगच गुण द्या, अशी करा. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून हेच करीत आली आहे. लेखी आणि प्रात्यक्षिक यांच्यानंतर प्रकल्प आणि मुलाखत. दादर-गिरगावातील कितीतरी घरांनी सहावी आणि नववीच्या मुलांसाठी ती वाट आनंदाने धरली. तेव्हा कोणाला वेळ वाया गेल्यासारखे वाटले नाही.

आणि दहावीला ऐंशी गुणांची लेखी परीक्षा आहेच. तिची तयारी वेगळी करावी लागेल. मी पाठांतराचा शत्रू नाही. पाढे, सूत्रे, सुभाषिते तोंडपाठ हवीतच. हिंदमाताच्या मुलांना आलेख काढता आला, तो भागाकार पक्का होता म्हणून. शाळेने प्रकल्पाच्या नावाखाली लेखनाचा सराव सोडला, तर आपण अवश्य येऊन भांडा.

अडचणी आपल्या घरांच्या आकाराच्याही आहेत, हे मी जाणतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे आणि त्यात तक्ता पसरायचा कुठे? शाळा सुटल्यावर एक वर्ग सहापर्यंत उघडा ठेवावा, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे. १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. मुलांना तेथे घेऊन जा. मुली सर्वेक्षणाला बाहेर पडतात याची काळजी वाटते, तर गटाने जावे, वेळ ठरवून जावे, कुठे आहोत ते घरी कळवावे. पण मुलांनी जावे आणि मुलींनी घरी बसून अहवाल लिहावा, अशी वाटणी होऊ देऊ नका. खर्चाची मर्यादा शाळेनेच आखून द्यावी. गटातील एखादा काहीच करत नसेल, तर आपले मूल घरी येऊन रडेल. लगेच त्याच्या आईला दूरध्वनी करू नका. मुलांना आपसांत दोन दिवस भांडू द्या. सुटले नाही तर शिक्षक आहेत.

खरे तर ही पद्धत आपल्याला नवी नाहीच. येथे बसलेल्या किती जणांनी चौदाव्या-पंधराव्या वर्षी गणेशोत्सव मंडळाची वर्गणी गोळा करून पैशापैशाचा हिशेब दिला आहे? किती जणांनी शिबिरात शंभर जणांच्या पंगतीची व्यवस्था पाहिली आहे, भात कमी पडल्यावर कार्यवाहांची बोलणी खाल्ली आहेत? ते सगळे प्रकल्पच होते. फरक एवढाच, तेव्हा आपल्या आईवडिलांनी वही तपासली नव्हती.

आणि घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांना या कामात ओढा. गिरणगावातील एखाद्या आजोबांना नातीने विचारू दे की १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्या दिवशी तुम्ही कोणत्या पाळीला होता, घरी काय सांगितले, पुढची वर्षे घर कसे चालले. ते पाठ्यपुस्तकात नाही. आणि विचारणारे कोणी नाही म्हणून घरातही ते कधी बोलले गेले नसेल.

माझा वेळ संपला, मुख्याध्यापक घड्याळाकडे पाहत आहेत. आता आपले प्रश्न घेऊ. जिन्यावरच्या ताईंनी पहिला विचारावा, गणिताबद्दलचा.