तीन महिन्यांपुढचं काय?

ब्रिटनभरातून आलेल्या कार्यकर्त्या मैत्रिणींनो,

आपली परिषद लंडनमधल्या साउथॉलच्या शेजारी भरते आहे याचा मला विशेष आनंद आहे. १९७९ मध्ये तिथे साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था उभी राहिली. लग्न होऊन परदेशातून आलेल्या बाईचा छळ हा घरगुती मामला नाही, हे या संस्थेने सरकारला वर्षानुवर्षं ऐकवलं. जोडीदार-व्हिसावरच्या पीडितेला तीन महिने सरकारी मदत देणारी २०१२ची सवलत अशाच रेट्यातून आली.

तीन महिने म्हणजे काय मोठंसं, असं कुणाला वाटेल. पण आसरागृहातली खोली फुकट नसते. तिचं भाडं बहुतेकदा हाउसिंग बेनिफिटमधून येतं. ही सवलत हाती नसेल आणि व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी लाभ नाहीत, असा शेरा असला की ते भाडं कोण भरणार? मग खोली रिकामी असूनही नाही म्हणावं लागतं. अंगावरच्या कपड्यांनिशी, लेकरू कडेवर घेऊन निघालेली बाई पुष्कळदा त्याच घरी परतते.

आपल्या मराठी मुलींचं दुखणं आणखी वेगळं. त्यांतल्या बऱ्याच जणी नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर, डिपेंडंट म्हणून येतात. फेब्रुवारी २०२४ पासून तीन महिन्यांची सवलत त्यांनाही लागू झाली, हे चांगलंच झालं. पण ब्रिटिश नागरिकाच्या बायकोला त्या मुदतीत कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. डिपेंडंटला ती वाटच नाही. मुदत संपली की परतीचं तिकीट, आणि गावी ‘नवऱ्याला सोडून आली’ हा शिक्का. ब्रिटनने २०२२ मध्ये स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या इस्तंबूल कराराला मंजुरी दिली, ती पीडितेच्या वास्तव्याविषयीचं ५९वं कलम बाजूला ठेवून. ते नजरचुकीने राहिलं, असं मी तरी मानत नाही.

मदत मागायला आलेल्या बाईला पहिला प्रश्न असतो, व्हिसा कोणता? पूर्वी कार्ड निदान पर्समध्ये सापडायचं. आता ई-व्हिसा; खातं नवऱ्याने उघडलेलं, ईमेल त्याचा आणि ओटीपीही त्याच्याच फोनवर! दुपारच्या सत्रात यावर वेळ काढाच, अशी माझी विनंती आहे.

आणि एक काम आपलं, त्याला होम ऑफिस, म्हणजे गृहखातं, लागत नाही. ‘पोलिसांत गेलीस तर व्हिसा जाईल’ अशी भीती घराघरांत घातली जाते. पोलिस, जीपी, मुलांची शाळा, कायदेशीर मदत यांतलं काहीही ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोडत नाही. आपल्या मंडळांच्या हळदीकुंकवात वाणाबरोबर एवढं सांगायला काय हरकत आहे? ‘मिटवून घ्या’ हा सल्ला तिथे भरपूर मिळतो.

जेवण दीड वाजता आहे. नावनोंदणीच्या वहीत फक्त पहिलं नाव लिहा आणि सभागृहात फोटो काढू नका. काही जणींचा पत्ता अजून शोधला जातोय. पहिल्या सत्राच्या वकील मैत्रिणी आल्या आहेत, त्यांच्या हाती माईक देते.