चष्म्याचा नंबर आणि लपवलेली गोळी

श्रोतेहो, एडीएचडी म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मी डोळ्यांचा डॉक्टर, माझी तक्रार एकच. मुलाला त्यासाठी मिथाइलफेनिडेट किंवा अॅटोमॉक्सेटीन चालू असतं आणि आईवडील ते माझ्यापासून लपवतात. ‘काही औषध चालू आहे का?’ विचारलं की उत्तर येतं, ‘छे हो, टॉनिक तेवढं.’ चारचौघांत ‘डोक्याची गोळी’ म्हणायला संकोच वाटतो, कळतं मला. पण माझ्याजवळ कसला संकोच?

ही औषधं शरीरात नॉरअॅड्रेनॅलिनचा जोर वाढवतात. त्याने डोळ्याची बाहुली मोठी होऊ शकते, मग मैदानावरच्या उन्हात मूल डोळे किलकिले करतं. मिथाइलफेनिडेटमुळे काहींना जवळचं धूसर दिसतं, कारण डोळ्यातलं भिंग पुस्तकाच्या अंतराला नीट जुळत नाही. सगळ्यांना होत नाही हे, बहुतेकांना नाहीच होत. पण ज्याला होतं त्याचा नंबर मी कसा काढू?

शिंप्याकडे पोराला स्वेटर घालून नेलं आणि त्यावरूनच माप घेतलं, तर सदरा ढगळच होणार. वर शिव्या शिंप्याला! त्याला निदान स्वेटर दिसतो, तो ‘काढ रे बाळा’ म्हणेल. मला गोळी दिसत नाही. आणि गोळी स्वेटरसारखी काढून ठेवायचीही नाही, हे नीट ऐका. डोळ्यांसाठी म्हणून मनाने औषध बंद करू नका. ज्यांनी लिहून दिलंय त्यांच्याशी मी बोलेन. आत स्वेटर आहे एवढं शिंप्याला कळलं की तो माप सांभाळून घेतो. थेंब घालून तपासायचं की काही दिवसांनी पुन्हा बघायचं, ते माझ्यावर सोडा. फक्त गोळीचं नाव सांगा.

मिथाइलफेनिडेटची साधी गोळी चारेक तास चालते, दिवसभराची आठ ते बारा. सकाळी अक्षरं पुसट, संध्याकाळी ठीक, असं पोरगं म्हणत असेल तर त्याला नाटकी ठरवू नका. गोळी किती वाजता दिली, पुसट किती वाजता दिसलं, लिहून आणा. मात्र डोळा लाल होऊन ठणकतोय, दिव्याभोवती वलयं दिसताहेत, उलट्या होताहेत, तर लिहीत बसू नका, तडक निघा. काचबिंदूचा हा झटका मुलांत फारच विरळा. घरात कुणाला काचबिंदू असेल तर तेही सांगा, म्हणजे गोळीच्या नावाबरोबर सांगा.

दुसरी बाजूही आहे. वाचताना दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात. एडीएचडीच्या मुलांत ही ताकद कमी पडण्याचं प्रमाण जास्त आढळतं, हे कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या डॉक्टरांनी २००५ साली मांडलं. ओळ सुटते, अक्षर दुहेरी दिसतं आणि बाई म्हणतात, लक्ष नाही. त्याचे व्यायाम असतात, पेन्सिल हातभर लांब धरून... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात वर झालाय. राहू दे. येताना गोळ्यांची स्ट्रिप आणा.